तान्ह्यापासून पणजीपर्यंत : नाशिकमधल्या ज्यू कुटुंबांनी सर्व वयांची एकत्र प्रार्थना कशी बसवावी

इंदिरानगरमधल्या एका घरी आम्ही पहिल्यांदा सगळ्या कुटुंबांना शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतिदिनाच्या, प्रार्थनेसाठी बोलावले, तेव्हा सिदूर हे प्रार्थनापुस्तक उघडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अखंड वाचन केले. ते पावणेदोन तास चालले. पहिल्या अर्ध्या तासात दोन मुले सोफ्यावर झोपली, एक आई तान्ह्या बाळाला घेऊन जिन्यात उभी राहिली, आणि ऐंशी ओलांडलेल्या एक आजी मागच्या खुर्चीत पुस्तक मिटून शांत बसून होत्या, कारण त्यातला बारीक टाइप त्यांना दिसत नव्हता. जेवणे झाल्यावर त्या आपल्याशीच एलियाहू हनाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, गाणे गुणगुणू लागल्या आणि आम्ही थबकलो. ती कोकणातली जुनी चाल आमच्यापैकी एकालाही येत नव्हती. ज्यांच्याकडे सर्वांत मोलाचे काही होते, त्यांना आम्ही पावणेदोन तास नुसते बसवून ठेवले होते.

त्या संध्याकाळनंतर आम्ही जे ठरवले, त्यावर हा सगळा लेख उभा आहे. प्रार्थनेत प्रत्येक वयाच्या माणसाला असे एक काम असावे, की ते माणूस आले नाही तर प्रार्थना त्या ठिकाणी अडेल. मुलांना रमवण्यासाठी खेळ आणि वडीलधाऱ्यांना मानाची खुर्ची एवढ्याने एकत्र प्रार्थना होत नाही. काम द्यावे लागते, ते आधी शिकवावे लागते आणि वेळ आल्यावर ते त्या माणसाच्या हातून घडू द्यावे लागते.

आधी प्रार्थना निवडावी

नाशिकमध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, नाही. ठाण्याचे १८७९ सालचे शआर हाशामायिम इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पुण्यातील रास्ता पेठेतले १९२१ सालचे सुक्कथ शेलोमो दोनशे किलोमीटरहून लांब. सणासुदीला तिथे जाणे होते, पण दर महिन्याची सवय लागायची असेल तर ती इथल्याच घरांमध्ये लागायला हवी. शिवाय आपली घरे एका गल्लीत नाहीत. एक कुटुंब देवळाली कॅम्पात, एक नाशिकरोडला, एक गंगापूर रोडवर, अशी विखुरलेली आहेत. जी कुटुंबे शब्बाथ काटेकोरपणे पाळतात, ती शुक्रवारी सूर्यास्तानंतर गाडीत बसत नाहीत. त्यामुळे शुक्रवार संध्याकाळची प्रार्थना कितीही सुंदर असली, तरी अशा विखुरलेल्या शहरात ती नेमकी सर्वांत निष्ठावान कुटुंबांनाच बाहेर ठेवते.

म्हणून सुरुवात शनिवार रात्रीच्या हवदालेने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हवदाला म्हणजे शब्बाथला निरोप देणारा छोटा विधी. त्याला दहा प्रौढांचा मिन्यान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेची गणसंख्या, लागत नाही, मूळ विधी दहा मिनिटांत पूर्ण होतो, आणि त्यात चव, वास, ज्योत आणि गाणे हे सगळे आहे. दोन वर्षांच्या मुलाला त्यातले शब्द कळणार नाहीत, पण लवंगेचा वास कळेल. नव्वदीच्या आजोबांना पत्रक वाचता येणार नाही, पण गाणे पाठ असेल. शिवाय शब्बाथ संपलेला असल्यामुळे गाडी चालवता येते, दिवे लावता येतात, आणि परदेशी गेलेल्या मुलानातवंडांना मोबाइलवरून सामील करून घेता येते.

दुसरा पर्याय रविवार सकाळच्या मलिद्याचा. मलिदा हा तर आपल्या, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू समाजाचा, गोड पोहे आणि फळे मांडून आशीर्वाद म्हणण्याचा खास विधी, आणि रविवारी शाळा, कारखाना व कचेरी या तिन्हींना बहुधा सुट्टी असते. या दोहोंत निवड करताना ऋतू पाहावा. नाशिकला डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आत मावळतो. जूनअखेरीस मात्र सव्वासात वाजतात. तीन तारे दिसण्यासाठी त्यावर साधारण ४० मिनिटे धरली, तर हिवाळ्यात साडेसहा-पावणेसातला शब्बाथ संपतो आणि जूनमध्ये जवळजवळ आठला. त्यानंतर घरातून निघून यजमानांकडे पोहोचायला लागणारा वेळ मिळवला, तर जूनमधली हवदाला पावणेनऊला सुरू होईल, आणि ती वेळ लहान मुलांची नव्हे. म्हणून सप्टेंबर ते मार्च हवदाला आणि एप्रिल ते ऑगस्ट रविवारचा मलिदा, अशी आम्ही विभागणी केली आणि ती टिकली. पावसाळ्यात कधी हवदाला ठेवलीच तर ढगांमुळे तारे दिसण्याची वाट पाहू नये. शब्बाथच्या छापील वेळापत्रकानुसार चालावे.

इथे एक बारकावा आहे, जो नव्याने सुरुवात करणाऱ्यांकडून हमखास सुटतो. हवदाला करण्यापूर्वीच प्रवासाला निघायचे असेल, तर रात्र पडल्यावर आपापल्या घरी ‘बारूख हामावदिल बेन कोदेश लेहोल’, म्हणजे ‘पवित्र आणि साधे यांत भेद करणारा धन्य असो’, हे एक वाक्य म्हणून मगच गाडीला हात लावावा. हे वाक्य म्हणण्याचे काम आम्ही प्रत्येक घरातल्या शाळकरी मुलाकडे दिले आहे. मुलाने वाक्य म्हटल्याशिवाय वडील किल्ली हातात घेत नाहीत, आणि त्यामुळे प्रार्थना यजमानांच्या दारात नव्हे, तर आपल्याच उंबरठ्यावर सुरू होते.

कोण येणार आहे, हे वहीत लिहून काढावे

बोलावण्यापूर्वी एक साधी वही करावी. तिच्यात प्रत्येकाचे नाव, वय, काय पाठ आहे, काय वाचता येते आणि कशाची अडचण आहे एवढेच लिहावे. कोणाला जिना चढवत नाही, कोणाला एका कानाने कमी ऐकू येते, कोणाला मधुमेह आहे, कोणते मूल गर्दीत बावरते, कोणाची दहावी-बारावी आहे. आईवडिलांच्या निधनाची हिब्रू तारीखही लिहून ठेवावी. कद्दीश, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ म्हणायची प्रार्थना, म्हणण्याची ज्यांची इच्छा असते त्यांना मिन्यान लागतो, आणि परंपरागत पद्धतीत तो तेरा वर्षांवरील दहा पुरुषांचा असतो. मुंबईतील १९२५ साली सुरू झालेल्या रोदेफ शालोमसारख्या उदारमतवादी प्रार्थनालयांत स्त्रियांचीही गणना होते. आपल्या मेळाव्यात कोणती रीत चालवायची हे मोठ्या माणसांनी आधीच, शांतपणे बसून ठरवावे. प्रार्थनेच्या मध्ये त्यावर चर्चा होऊ देऊ नये.

अशा मेळाव्यांना मिश्र विवाहांतली कुटुंबेही येतात. सून किंवा जावई ज्यू नसेल, तर काय करायचे आणि काय नाही हे त्यांना कोणीतरी प्रेमाने आधी सांगावे. बसावे, गाणे म्हणावे, तबक फिरवावे, मुलाला मांडीवर घ्यावे. देवाचे नाव घेऊन आशीर्वाद म्हणण्याच्या वेळी ऐकावे आणि ‘आमेन’ म्हणावे, एवढे सांगितले की माणूस निर्धास्त होतो. मिन्यानसाठी डोकी मोजायची असतील तर ती मनातल्या मनात मोजावीत. ‘हे धरायचे का?’ असा प्रश्न कोणाच्या तोंडावर विचारला गेला, तर ते कुटुंब पुन्हा येत नाही.

निमंत्रण व्हॉट्सअॅपवर जरूर द्यावे, पण वयस्कर माणसांना फोनच करावा आणि तो एखाद्या लहान मुलाने करावा. ‘आजी, या शनिवारी आमच्याकडे हवदाला आहे, एलियाहू हनाबी तुम्ही म्हणायचं आहे,’ असे सहा वर्षांच्या मुलीने सांगितले की आजी नाही म्हणत नाहीत आणि आधीचे दोन दिवस चाल आठवत बसतात. निमंत्रणात सुरू होण्याची वेळ आणि संपण्याची वेळ दोन्ही लिहाव्यात, आणि संपण्याची वेळ काटेकोरपणे पाळावी. शनिवारी संध्याकाळी ज्यांचे क्लास असतात, त्या मुलांचे येणे न येणे यावरच ठरते. पत्ता मात्र ओळखीच्या कुटुंबांपुरताच ठेवावा, उघड्या समाजमाध्यमांवर टाकू नये.

पत्रक

सिदूर हाती द्यायला हरकत नाही, पण सर्व वयांसाठी वेगळे पत्रक हवेच. ए-फोर आकाराच्या दोन पानांत ते बसवावे आणि अक्षर किमान १८ पॉइंटचे, वयस्करांसाठीच्या दोन प्रतींत २४ पॉइंटचे ठेवावे. प्रत्येक आशीर्वाद तीन ओळींत द्यावा: हिब्रू लिपीत, त्याखाली देवनागरीत उच्चार आणि त्याखाली मराठी अर्थ. हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी छापण्याची आपल्या समाजाची जुनी सवयच आहे. पेसाह सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठी अर्थासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापली गेली होती.

देवनागरीत उच्चार लिहिताना एकच पद्धत ठरवून तिला चिकटून राहावे. ‘बारूख’ की ‘बारूह’, ‘शब्बाथ’ की ‘शब्बात’ यावर वयस्कर मंडळींचे कान तयार असतात. त्यांना लहानपणापासून जसे म्हणायची सवय आहे, तसेच लिहावे आणि मुलांनाही तेच शिकवावे. इंटरनेटवरच्या उच्चारापेक्षा घरातल्या आजोबांचा उच्चार आपल्याला जवळचा. जिथे सगळ्यांनी मिळून म्हणायचे तिथे समासात एक ठळक ठिपका काढावा, आणि जिथे उभे राहायचे तिथे उभ्या माणसाचे छोटे चित्र. वाचता न येणारे मूलही त्या चित्राकडे पाहून उभे राहते. त्याच चित्राखाली ‘बसून म्हटले तरी चालेल’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे गुडघेदुखीच्या माणसाला ओशाळे वाटत नाही.

पत्रकावर देवाचे नाव असते, त्यामुळे ते चुरगाळून केराच्या टोपलीत जाऊ नये. दारापाशी एक खोका ठेवावा आणि जाताना सर्व पत्रके त्यात जमा करावीत. चांगली राहिलेली पुढच्या वेळी कामी येतात. फाटलेली वेगळी जपून ठेवावीत आणि पुढे सिनेगॉगला जाणाऱ्यांबरोबर तिथल्या जुन्या ग्रंथांसोबत पुरण्यासाठी पाठवावीत. हा खोका सांभाळणे हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे उत्तम काम आहे, कारण त्या वयात जबाबदारी फार मनावर घेतली जाते.

मनुकांचे शरबत

नाशिक म्हणजे द्राक्षांचा जिल्हा, त्यामुळे किद्दूश, म्हणजे पेल्यावर म्हणायचा शब्बाथचा आशीर्वाद, आणि हवदाला यांसाठी द्राक्षारस सहज मिळेल असे नवख्या माणसाला वाटते. पण वाइन ही ज्यू हातांनी किंवा ज्यू देखरेखीखाली तयार झालेली नसेल, तर ती कोशेर, म्हणजे आपल्या आहारनियमांत बसणारी, धरली जात नाही, आणि म्हणून शेजारच्या द्राक्षबागांमधली उत्तम वाइनही आपल्या पेल्यात चालत नाही. आपल्या पूर्वजांनी यावर मनुकांच्या शरबताचा उपाय काढला. ते मुलांनाही चालते, आजोबांनाही चालते, आणि ते करण्यातच निम्मी प्रार्थना आहे.

पाव किलो काळ्या मनुका निवडून, देठ काढून, दोनतीन पाण्यांत स्वच्छ धुवाव्यात. अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी त्या टपोऱ्या फुगतात आणि पाणी गडद तांबूस होते. मग त्याच पाण्यात त्या हाताने कुस्करून किंवा मिक्सरमधून फिरवून मलमलच्या फडक्यातून गाळून घ्याव्यात. फडके पिळण्याचे काम मुलांना द्यावे. बोटांमधून ओघळणारा तो घट्ट गोड रस पाहून ‘गफेन’ म्हणजे द्राक्षवेल हा शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही. पिळणे हे शब्बाथच्या दिवशी निषिद्ध असलेले काम आहे, त्यामुळे शनिवारच्या हवदालेसाठीही मनुका गुरुवारी रात्री भिजवून शरबत शुक्रवारी दुपारपर्यंत गाळून फ्रिजमध्ये ठेवलेले असावे. विधीच्या पेल्यात किमान ८६ मिलीलिटर मावले पाहिजे, हे प्रचलित माप आहे. पेला काठोकाठ भरावा आणि थोडे ताटलीत सांडू द्यावे. येणारा आठवडा भरभरून यावा म्हणून तसे करतात.

हवदालेची संध्याकाळ, क्रमाने

ज्यांना रात्रीची अर्वित प्रार्थना पूर्ण म्हणायची असते, त्यांना वीस मिनिटे आधी बोलवावे. ती आटोपेपर्यंत बाकीची कुटुंबे येत राहतात. दारात किशोरवयीन मुलामुलींची जोडी उभी करावी. त्यांनी टोप्या आणि पत्रके द्यावीत, चपला नीट लावाव्यात आणि आजीआजोबांना हात देऊन खुर्चीपर्यंत न्यावे. पुढे सतरंजीवर मुले, त्यांच्या मागे अर्धवर्तुळात खुर्च्या आणि दाराजवळ तान्ह्यांच्या आया, अशी बैठक ठेवावी. दाराजवळची जागा मुद्दाम द्यावी, म्हणजे बाळ रडू लागले तर बाहेर जाणे आणि परत येणे दोन्ही सोपे होते. मात्र आईने बाहेर जावे अशी अपेक्षा कोणाच्या नजरेतही दिसू नये. हज्जानचे, म्हणजे प्रार्थना चालवण्याचे, काम करणाऱ्याने रडण्याच्या आवाजाला न अडखळता वाचत राहावे; तो थांबला की सगळ्यांच्या माना वळतात आणि ती आई कानकोंडी होते.

सुरुवात हातबोशीने करावी. ही आपली जुनी रीत अनेक घरांत मागे पडली आहे. सर्वांत वयस्कर व्यक्तीने दोन्ही तळहात पुढे करावेत, शेजारच्याने ते आपल्या दोन्ही हातांत घ्यावेत, मग दोघांनी आपापली बोटे ओठांना लावावीत, आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्याकडे वळावे. असे करत ती खोलीभर फिरून सर्वांत लहान मुलापर्यंत पोहोचते. आमच्याकडे एका आजींनी चार वर्षांच्या नातीचे हात हातात घेतले, तेव्हा त्या मुलीने घाईघाईने आपले हात फ्रॉकला पुसले, कारण ते चॉकलेटने माखलेले होते. आजींनी ते तसेच धरून ओठांना लावले. प्रत्येक माणसाला दुसऱ्या एका माणसाचा स्पर्श झाल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही, हे त्या खोलीत कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

त्यानंतर शेमा, म्हणजे देव एकच आहे असे सांगणारी मूळ प्रार्थना. ‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.’ उजवा हात डोळ्यांवर ठेवून सगळ्यांनी एकत्र म्हणावे. कोकणातल्या आपल्या पूर्वजांकडे ना पोथ्या होत्या ना हिब्रू जाणणारे कोणी; तरीही त्यांनी शेमा, सुंता, शब्बाथ आणि आहाराचे नियम जपले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. हे एवढेच, दोन मिनिटांत, एखाद्या आजोबांनी मुलांना सांगावे. जे वाक्य शेकडो वर्षे नुसते तोंडपाठ राहून टिकले, ते तीन वर्षांच्या मुलालाही पाठ होते.

मग दिवे मालवावेत आणि हवदालेची मेणबत्ती पेटवावी. ती अनेक वातींची, वेणी घातलेली असते. तशी नसेल तर दोन साध्या मेणबत्त्यांच्या ज्योती एकमेकींना टेकवून धराव्यात. ती दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावी, खाली मेण गळायला पितळी ताटली असावी, मोकळे केस बांधलेले असावेत आणि शेजारी एक मोठे माणूस उभे असावे. शरबतावरचा आशीर्वाद वडीलधाऱ्याने म्हणावा. सुवासाचे तबक सर्वांत लहान चालत्या मुलाकडे द्यावे. त्यात लवंग आणि दालचिनी ठेवतात. आम्ही गुलाबपाकळ्याही ठेवतो, कारण या शहराला एके काळी गुलशनाबाद म्हणत. ते मूल प्रत्येकाच्या नाकाशी तबक नेईल, दोन लवंगा सांडतील, त्या तशाच राहू द्याव्यात. ज्योतीवरच्या आशीर्वादाच्या वेळी सर्वांनी बोटे दुमडून नखांवर उजेड पडू द्यावा. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्याजवळ मेणबत्ती न्यावी, म्हणजे डोळ्यांना नाही तरी हाताला ऊब लागते.

‘हामावदिल’ हा शेवटचा आशीर्वाद झाल्यावर ताटलीत सांडलेल्या शरबतात मेणबत्ती विझवावी. तो चर्र असा आवाज ऐकण्यासाठी मुले श्वास रोखून बसतात. अंधार क्षणभर तसाच ठेवावा आणि त्या अंधारात आजींना ‘एलियाहू हनाबी’ सुरू करू द्यावे. पहिले कडवे त्यांनी एकटीने म्हणावे, दुसऱ्यापासून सर्वांनी. मग दिवे लावून ‘शावुआ तोव’, म्हणजे ‘आठवडा शुभ जावो’, म्हणावे. अखेरीस मुलांनी आजीआजोबांच्या समोर यावे आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवून ‘येवारेखेखा अदोनाय वेयिश्मेरेखा’ हा तीन ओळींचा, पंधरा हिब्रू शब्दांचा आशीर्वाद द्यावा. ज्या मुलाचे आजीआजोबा इथे नाहीत, त्याच्यासाठी एखादे आजोबा आधीच ठरवून ठेवावेत. ते मूल रांगेच्या कडेला एकटे उभे राहता कामा नये. हातबोशीपासून इथपर्यंत सगळे मिळून ३५ ते ४० मिनिटे होतात. वाढवायचा मोह झाला तरी वाढवू नये.

मलिद्याची सकाळ

मलिद्यात हात अधिक लागतात, म्हणून तो सर्व वयांना सोयीचा. पोहे धुऊन, निथळून, त्यात ओले खोबरे, साखर, वेलदोड्याची पूड आणि सुकामेवा मिसळून ताटात रास करतात आणि भोवती फळे मांडतात. पोहे धुण्याचे काम मोठ्या मुलांचे, खोबरे खवण्याचे मोठ्यांचे, बदाम सोलण्याचे लहानांचे आणि चव पाहून ‘अजून थोडी साखर’ म्हणण्याचे आजीचे. मधुमेहींसाठी साखर घालण्यापूर्वीच एक वाटी बाजूला काढावी. मलिद्यात दूध नसते, त्यामुळे नंतरच्या जेवणात मांस असले तरी अडचण येत नाही. बाकी खाण्याचे पदार्थ शाकाहारी ठेवले की कोणालाच विचारत बसावे लागत नाही.

फळांवरच्या आशीर्वादांत मुलांना शिकवण्यासारखे खूप आहे आणि इथे मुद्दाम रेंगाळावे. खजुरावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद, केळ्यावर मात्र भूमीच्या फळाचा. ‘केळं पण झाडालाच लागतं ना?’ असे आमच्याकडे एका मुलाने विचारले. त्याचे उत्तर जळगावकडच्या केळीच्या बागेतून आलेल्या एका काकांनी दिले: घड उतरवला की केळीचा तो खांब पुन्हा फळत नाही, तो तोडतात आणि बुंध्यापासून नवा कोंब येतो, म्हणून ती झाडांत धरत नाहीत. द्राक्षांचेही तसेच आहे. घोसातले द्राक्ष खाताना झाडाच्या फळाचा आशीर्वाद, पण त्याच द्राक्षाचा रस पेल्यात आला की द्राक्षवेलीचा वेगळा आशीर्वाद.

जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत तू बिश्वात येतो. तो झाडांचा सण आणि आपल्याकडे एलियाहू हनाबीच्या स्मरणाचाही दिवस. अलिबागजवळच्या खंडाळ्याला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ हे स्थान आहे. खडकावरची खूण त्यांच्या रथाची मानतात. नाशिकला तेव्हा नवी द्राक्षे बाजारात आलेली असतात. त्या हंगामातले पहिले द्राक्ष सर्वांनी या मलिद्यापर्यंत राखून ठेवावे आणि ‘शेहेहेयानू’ हा नव्या गोष्टीच्या वेळचा आभाराचा आशीर्वाद म्हणून एकत्र तोंडात टाकावे. आठवडाभर दारावरून हातगाड्या जात असताना द्राक्ष न खाता थांबणे मुलांना जड जाते, पण तेच त्यांना पुढची कित्येक वर्षे आठवते.

ज्यांचा नेहमी विसर पडतो

तेरा ते अठरा वयाची मुले सर्वांत आधी गळतात. तेराव्या वर्षीचा बार मित्झ्वा, म्हणजे वयात आल्याचा विधी, झाला, फोटो निघाले आणि नंतर त्यांना कोणी काही विचारत नाही, असे होऊ देऊ नये. तेरा पूर्ण केलेला मुलगा मिन्यानमध्ये धरला जातो, ही गोष्ट त्याला फोन करून सांगावी: ‘तू आलास तर दहा होतात.’ मुलींकडे त्या आठवड्याच्या तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) पाठाचा मराठी सारांश पाच मिनिटांत सांगण्याचे काम द्यावे आणि मुलांनीही ते करावे. तो त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगावा. मोठ्यांनी मध्ये दुरुस्ती करू नये, शंका असेल तर जेवताना बोलावे. मिन्यान जमला तरी आपल्याकडे सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, नसेल तर पाठ छापील पुस्तकातून वाचावा, मात्र तोरावाचनाचे आधीचे व नंतरचे आशीर्वाद तेव्हा म्हणत नाहीत.

दुसरा विसर पडतो तो एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांचा. त्यांना ‘या’ म्हणणे पुरत नाही. कोणी आणायचे आणि कोणी पोहोचवायचे, ही दोन नावे वहीत आधी लिहिलेली असावीत. आणणारा मिळतो, पोहोचवणारा ऐन वेळी शोधावा लागतो, आणि ज्या आजोबांना रात्री साडेआठला कोणाच्या तरी सोयीची वाट पाहत चपला घालून दारात बसावे लागते, ते पुढच्या महिन्यात गुडघ्याचे कारण सांगतात.

वर्षाच्या सणांमध्ये यात भर घालता येते, पण एका वेळी एकच. सुक्कोथ या मांडवांच्या सणाला गच्चीवर मांडव घालावा. त्यावर उघडे आकाश हवे, वरच्या मजल्याच्या बाल्कनीखाली तो चालत नाही. तोरावाचनाचे वर्षाचे आवर्तन पूर्ण होते त्या सिमहात तोराला सर्व मुलांना एकाच तालितच्या, म्हणजे प्रार्थनेच्या शालीच्या, छायेत उभे करून आशीर्वाद देतात, त्या दिवशी मात्र शक्य तितक्या कुटुंबांनी मिळून ठाण्याला किंवा पुण्याला जावे, कारण तोरासोबतचा तो नाच घरच्या खोलीत होत नाही. दारफाळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पूरचा, उपास लहान मुलांना नसतो; त्यांना त्या दिवशी घरीच शेमा म्हणायला लावावे.

निघण्यापूर्वी

खाणे आटोपल्यावर आणि मंडळी उठण्यापूर्वी पाच मिनिटे वही उघडावी. पुढची तारीख, घर आणि सुरू होण्याची व संपण्याची वेळ मोठ्याने वाचावी. आजींनी म्हटलेल्या गाण्याची चाल एका किशोरवयीन मुलाने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावी. शब्बाथ संपलेला असल्यामुळे हे करता येते आणि पुढच्या महिन्यापर्यंत मुलांना ती ऐकून बसवता येते. पत्रकांचा खोका कोणाकडे जाणार, मेणबत्ती कोण धरणार, आजोबांना कोण पोहोचवणार आणि गुरुवारी रात्री मनुका कोण भिजत घालणार, ही चार नावे त्याच वेळी, त्या त्या माणसासमोर लिहून घ्यावीत.